अंडरग्राउंड संगीताची मासिकं अशी का दिसतात?

लग्नपत्रिका हातात आली की मजकूर वाचायच्या आधीच आपण कागद चाचपतो, शाई बघतो आणि पत्रिका कुणाकडची, लग्न कसं होणार याचा अंदाज बांधून मोकळे होतो. अंडरग्राउंड संगीताचे चाहते त्यांचं मासिक असंच हातात घेतात. आतला पहिला शब्द वाचायच्या आधी त्यांच्या मनात एक प्रश्न येऊन गेलेला असतो: हे आपल्यातल्याच कुणी केलंय का?

अक्षरं, कागद, फोटो, रंग, समास, जाहिराती, अशी सगळी मांडणी मिळून या प्रश्नाचं उत्तर देत असते. मी बडोद्यात पुस्तकांच्या आणि अंकांच्या मांडणीचं काम करते. रावपुऱ्यातल्या छापखान्यांत माझी रोजची ये-जा असते. फाइन आर्ट्सची मुलं आपले छोटे छोटे अंक घेऊन सल्ल्याला येतात. त्यांच्यात मेटल आणि पंक, म्हणजे रॉकचे कर्कश प्रकार, ऐकणारी बरीच असतात. त्यांच्या घरचे मला विचारतात, "ताई, इतकं काळंकुट्ट, वाकडंतिकडं छापलेलं हे लोक पैसे देऊन कशाला घेतात?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर छापखान्याच्या यंत्रांपासून सुरू होतं.

त्याआधी अंडरग्राउंड म्हणजे काय ते पाहू. जे संगीत रेडिओवर लागत नाही, मोठ्या कंपन्या काढत नाहीत, ते ढोबळमानाने अंडरग्राउंड. पंक, हार्डकोअर, डेथ मेटल, ब्लॅक मेटल, नॉइज, प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत, ही त्यातली काही घराणी. ऐकणारे थोडे आणि विखुरलेले. एका शहरात पाच-दहा, दुसऱ्यात तीन-चार. इंटरनेट नव्हतं तेव्हा या लोकांना नवा बँड कळायचा, रेकॉर्ड मागवायचा पत्ता मिळायचा, दुसऱ्या देशातला मित्र मिळायचा, ते मासिकातून. भारतातलंच उदाहरण घ्या. आपल्याकडचं रॉकला वाहिलेलं सगळ्यात नावाजलेलं मासिक, रॉक स्ट्रीट जर्नल, १९९३ मध्ये अमित सैगल यांनी सुरू केलं ते मुंबईत किंवा बंगळूरूत नाही, अलाहाबादमध्ये! मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्याला अशा अंकाची गरज जास्त असते. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको.

झेरॉक्सचं गणित

१९७६ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या एका तरुण कारकुनाने 'स्निफिन ग्लू' नावाचा अंक काढला. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड मार्करने हातानं लिहिलेले, चुकलेले शब्द तसेच खोडलेले, पानं झेरॉक्स करून कोपऱ्यात पिन मारलेली. पहिल्या अंकाच्या जेमतेम पन्नास प्रती. वर्षभरात तोच अंक हजारोंनी खपू लागला.

आता पन्नास प्रतींचा हिशेब मांडा. ऑफसेटवर छापायचं तर आधी प्लेट काढावी लागते, आणि तिचा खर्च पन्नास प्रतींना आणि पाच हजार प्रतींना सारखाच. पाच हजारांत तो विरघळून जातो, पन्नासांत अंगावर येतो. झेरॉक्सला प्लेट लागत नाही. जितक्या प्रती तितकाच खर्च. त्यामुळे ज्याच्याकडे भांडवल नाही आणि वाचकही मोजकेच आहेत, त्याच्यासाठी झेरॉक्स हे एकमेव शहाणपणाचं यंत्र होतं. अंडरग्राउंड मासिकांचं जे रूप पुढे शैली म्हणून ओळखलं गेलं, ते आधी या गणितातून आलं.

यंत्राचा स्वभाव पानावर उतरतो. झेरॉक्समध्ये विजेचा भार दिलेल्या ड्रमवर काळी पूड चिकटते आणि उष्णतेने कागदावर बसते. जुन्या यंत्रांना करडा रंग झेपायचा नाही. एकतर काळं, नाहीतर पांढरं. फोटो झेरॉक्स केला की मधल्या छटा उडतात, चेहऱ्याचे डोळे, नाकाची सावली आणि केस तेवढे उरतात. त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली की आणखी तपशील गळतात, कडा खरखरीत होतात, कुठून तरी काळे ठिपके येतात. स्टेजवर उडी मारणाऱ्या गायकाचा असा फोटो पाहिला की त्यात घाम, गोंगाट आणि अंधार आपोआप येतो. गुळगुळीत रंगीत फोटोत तो आणायला फार कष्ट पडतात. नव्वदच्या दशकातल्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँडांनी तर हा काळ्या-पांढऱ्याचा कडक खेळ आपली ओळखच करून टाकला. त्यांच्याबद्दल लिहिणारे अंक, उदाहरणार्थ मेटॅलियन या नावाने लिहिणाऱ्या संपादकाने १९८५ पासून नॉर्वेतून काढलेला 'स्लेयर', त्याच काळोखात वाढले.

वाचकाला या पानावरून काय कळतं? अंक करणाऱ्याकडे पैसा नव्हता, पण वेळ भरपूर खर्च केलाय. मथळा हातानं लिहिलाय म्हणजे कुणीतरी रात्री बसून लिहिलाय. पिन वाकडी आहे म्हणजे पिनाही हातानंच मारल्यात. पैसा ओतून देखणेपण विकत घेता येतं, पण हा वेळ विकत घेणं अवघड असतं. म्हणून चाहता त्यावर विश्वास ठेवतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे.

आणखी एक गोष्ट घडते. हातानं केलेलं पान पाहिलं की पाहणाऱ्याला वाटतं, हे मलाही जमेल. पेरी यांनी तर आपल्या वाचकांना उघडच सांगितलं की आम्ही लिहितो त्यावर समाधान मानू नका, स्वतःचे अंक काढा. १९७७ च्या सुरुवातीला 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या एका ब्रिटिश अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, साध्या आकृत्या हातानं काढून छापल्या होत्या, आणि खाली सूचना होती की या तीन शिका आणि आता बँड काढा. हे पान अनेकदा 'स्निफिन ग्लू'च्या नावावर खपवलं जातं, पण ते 'साइडबर्न्स'चं. त्या आकृत्या एखाद्या कसलेल्या चित्रकाराकडून सुबक काढून घेतल्या असत्या तर वाचकानं त्या पाहिल्या असत्या, वाखाणल्या असत्या आणि पान उलटलं असतं. वाकड्या रेषांमुळे त्यानं गिटार शोधली.

कापलेली अक्षरं

वर्तमानपत्रातून कापलेली वेगवेगळ्या आकारांची अक्षरं चिकटवून केलेला मथळा, खंडणीच्या चिठ्ठीसारखा, आज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो पंकशी जोडला गेला तो सेक्स पिस्टल्स या बँडसाठी जेमी रीड यांनी केलेल्या कामामुळे. रीड त्याआधी एका छोट्या राजकीय छापखान्यात पत्रकं करत. हाताशी जे आहे, म्हणजे कात्री, गोंद आणि जुनी वर्तमानपत्रं, त्यातून मथळा उभा करायची सवय तिथली. या अक्षरांतून दोन अर्थ एकदम निघतात. एक, आम्हाला कुठला टाइप परवडत नाही. दोन, आम्ही तुमच्याच वर्तमानपत्रातली अक्षरं पळवून तुमच्याविरुद्ध वापरतोय.

फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थिनीने हाच प्रयोग मराठीत केला तेव्हा मला त्यातली गंमत कळली. रोमन अक्षरं सुटी असतात, कापली आणि शेजारी ठेवली की शब्द तयार. देवनागरीला शिरोरेषा आहे. आपला डोळा त्या रेषेवरून घसरत पुढे जातो. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतली अक्षरं शेजारी चिकटवली की प्रत्येकाची शिरोरेषा वेगळ्या जाडीची, वेगळ्या उंचीवर. डोळ्याला पायरी लागते. शिवाय वेलांटी एका अक्षराची, काना दुसऱ्याचा. त्यामुळे देवनागरीत हा मथळा रोमनपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. तिनं दोन ठिकाणी शिरोरेषा मुद्दाम जुळवून दिली, म्हणून शब्द वाचता तरी आला. ही जागा मराठीत अंक करणाऱ्यांनी अजून पुरेशी वापरलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

वाचता न येणारी नावं

सगळ्यात जास्त गोंधळ मेटल मासिकांच्या मुखपृष्ठांवरून होतो. बँडचं नाव म्हणून काट्याकुट्यांचं जाळं असतं. मुळं पसरल्यासारखी, बर्फाच्या खड्यांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी रेषा, डावी-उजवी बाजू आरशात पाहिल्यासारखी सारखी. एक अक्षर लागेल तर शपथ.

बेल्जियममध्ये जन्मलेले क्रिस्टोफ श्पायडेल हे या कामातलं मोठं नाव. नॉर्वेच्या एम्परर या बँडचा लोगो त्यांचा, आणि त्याखेरीज हजारो बँडांचे लोगो त्यांनी हातानं काढलेत. झाडांच्या फांद्या, मुळं यांचा आणि आर नूव्हो शैलीतल्या वळणदार रेषांचा प्रभाव त्यांच्या कामात दिसतो. अक्षर आधी कागदावर सरळ बसवायचं, मग त्याची टोकं वाढवत न्यायची, पहिलं आणि शेवटचं अक्षर एकमेकांचा तोल सांभाळतील असं करायचं.

हे चालतं कसं, ते समजायला वाचणं आणि ओळखणं यातला फरक लक्षात घ्या. आपल्या आईची सही आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही, एका नजरेत ओळखतो. लोगोही तसा ओळखायचा असतो. ज्याला बँड ठाऊक आहे त्याला तो पन्नास फुटांवरून, टी-शर्टच्या पाठीवरून कळतो. ज्याला ठाऊक नाही त्याला फक्त वातावरण कळतं: थंड, जंगली, आक्रमक. दोघांनाही जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं जातं. माझा भाचा फतेहगंजला राहतो, त्याला मी एकदा म्हटलं की नाव वाचताच येत नाही तर नव्या माणसानं बँड शोधायचा कसा? तो म्हणाला, "मावशी, मग तो विचारतो ना कुणालातरी. तिथूनच दोस्ती होते." मांडणीच्या पुस्तकांत मी हे इतक्या थोडक्यात कुठे वाचलेलं नाही.

अर्थात मासिकाला खपायचंही असतं. म्हणून मुखपृष्ठावर दोन प्रकारची अक्षरं एकत्र नांदतात. बँडचा लोगो त्याच्या मूळ रूपात, आणि खाली किंवा बाजूला साध्या ठळक अक्षरांत तेच नाव. १९८१ च्या जूनमध्ये 'साउंड्स' या ब्रिटिश साप्ताहिकाची पुरवणी म्हणून सुरू झालेल्या 'केरांग!' या मेटल मासिकाचं स्वतःचं नाव तडकलेल्या काचेसारखं होतं, पण ते लांबून वाचता येत होतं. जो अंक दुकानातल्या फळीवर राहतो त्याला अनोळखी माणसाशीही बोलावं लागतं. टपालानं जाणाऱ्या झेरॉक्स अंकाला ती सक्ती नसते, म्हणून तिथे लोगो वाटेल तितका रानटी होऊ शकतो.

कागद आणि जाहिराती

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मॅक्सिमम रॉकनरोल'बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मांडणी म्हणजे नुसती सजावट नसते हे त्यातून उत्तम कळतं. १९७७ मध्ये टिम योहानन यांनी पंकचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला, १९८२ मध्ये त्याचा अंक झाला आणि २०१९ पर्यंत तो कागदावर निघत राहिला. साधा न्यूजप्रिंट, आत फक्त काळी शाई. हात काळे होणारच. बारीक टाइप, पान गच्च भरलेलं, समास नावापुरते. वाचकांची पत्रं, निरनिराळ्या देशांतल्या गावागावांतून आलेली खबरबात, शेकडो रेकॉर्डची छोटी परीक्षणं.

न्यूजप्रिंट स्वस्त असतो, पण शाई लवकर शोषतो. त्यामुळे फोटो छापताना ठिपके मोठे ठेवावे लागतात. फोटो छापायचा म्हणजे तो बारीक ठिपक्यांत फोडायचा, त्याला छापखान्यात स्क्रीन म्हणतात. न्यूजप्रिंटवर इंचाला ठिपक्यांच्या साधारण ८५ ओळींची स्क्रीन चालते, चकचकीत आर्ट पेपरवर १५० ओळींची. त्याहून बारीक केली तर न्यूजप्रिंटवर ठिपके एकमेकांत मिसळून काळा गोळा होतो. म्हणून त्या अंकातले फोटो जाड ठिपक्यांचे. वाचकाला हा तांत्रिक भाग माहीत नसतो, पण असा फोटो म्हणजे स्वस्त कागद, स्वस्त कागद म्हणजे कमी किंमत, आणि कमी किंमत म्हणजे आपल्या खिशाचा विचार केलेला अंक, एवढी साखळी त्याच्या डोक्यात आपोआप जुळते.

या अंकाने मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती घेतल्याच नाहीत. छोट्या लेबलांच्या, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या, जाहिराती भरपूर असत. आता हा धोरणाचा भाग झाला, पण तो पानावर दिसतो! एकाच बड्या जाहिरातदाराचं रंगीत पूर्ण पान मध्ये आलं की उरलेली पानं त्याच्यापुढे फिकी पडतात. इथे सगळ्या जाहिराती काळ्या-पांढऱ्या, कित्येक तर बँडनं स्वतःच हातानं केलेल्या. बातमी कुठली, जाहिरात कुठली आणि परीक्षण कुठलं, यांत मोठा-लहान असा भेद नजरेला जाणवत नाही. गच्च भरलेल्या पानाचंही तसंच. मोकळी जागा ठेवली की पान देखणं होतं, पण एखाद्या गावातला एखादा बँड बाहेर राहतो. संपादकाने देखणेपणाच्या जागी तो बँड घेतला, हे वाचकाला कळतं.

याच घराण्यातली आणखी एक कथा. १९८० मध्ये अमेरिकेत ब्रूस पॅव्हिट यांनी 'सबटेरेनियन पॉप' नावाचा छोटा अंक सुरू केला. पुढे काही अंक कागदावर आणि काही कॅसेटच्या रूपात निघाले. त्यातूनच सब पॉप हे रेकॉर्ड लेबल उभं राहिलं. अंकासोबत संगीतही हातात द्यायची ही रीत टिकून आहे. फिलाडेल्फियाचं 'डेसिबल' हे २००४ पासून निघणारं मेटल मासिक आपल्या वर्गणीदारांना पातळ प्लॅस्टिकच्या वाकणाऱ्या रेकॉर्ड, म्हणजे फ्लेक्सी, देत आलं आहे.

स्वच्छ पानंही अंडरग्राउंड असतात

इथवर वाचून वाटेल की अंडरग्राउंड म्हणजे राडा. तसं नाही. लंडनचं 'द वायर' १९८२ मध्ये जाझ आणि उत्स्फूर्त संगीतासाठी सुरू झालं आणि नंतर प्रयोगशील संगीताचं जगातलं सगळ्यात आदराचं मासिक बनलं. २००० च्या अखेरीस ते तिथल्या कर्मचाऱ्यांनीच विकत घेतलं. त्याचं पान शांत, आखीव, भरपूर पांढरं. अंक उघडला की आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. कारण वाचक वेगळा आहे. वीस मिनिटांचा एकच सूर लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाला मांडणीनंही तसंच निवांतपणे वागवावं अशी अपेक्षा असते. मुखपृष्ठावर असा कलाकार, ज्याचं नाव दुकानदारालाही माहीत नसेल, आणि त्याचा फोटो मात्र एखाद्या बड्या ताऱ्याच्या थाटात. तुमच्या आवडीला आम्ही पूर्ण गंभीरपणे घेतो, हा निरोप त्यातून पोचतो. झेरॉक्स अंक तोच निरोप उलट्या वाटेनं पोचवतो.

या दोहोंच्या मधली एक जात आहे, जिथे कसलेला मांडणीकार मुद्दाम नियम मोडतो. नेव्हिल ब्रॉडी १९८१ पासून १९८६ पर्यंत लंडनच्या 'द फेस' या मासिकाचे कलादिग्दर्शक होते. अनुक्रमणिकेच्या पानावरचा मथळा त्यांनी अंकामागून अंक थोडा थोडा मोडत नेला. शेवटी उरले नुसते आकार. नव्या वाचकाला ती नक्षी वाटली असेल, नियमित वाचकाला मात्र तो अनुक्रमणिकेचा मथळाच दिसत राहिला. नियमित येणाऱ्यालाच कळेल असं काहीतरी ठेवणं, हे चाहत्याला बांधून ठेवण्याचं फार प्रेमळ तंत्र आहे.

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियात 'रे गन' हे संगीताचं मासिक निघालं. त्याचे मांडणीकार डेव्हिड कार्सन. आधी ते नावाजलेले सर्फर होते आणि समाजशास्त्र शिकवत. त्यांनी ओळी एकमेकांवर चढवल्या, रकाने कापले, मथळे पानाबाहेर ढकलले. १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत त्यांना इतकी कंटाळवाणी वाटली की ती त्यांनी झॅफ डिंगबॅट्स या फॉन्टमध्ये लावली, ज्यात अक्षरं नसतातच, नुसती चिन्हं असतात. पूर्ण मजकूर अंकाच्या मागच्या भागात वाचता येईल असा छापला होता. यावर मांडणीकारांत अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर हा प्रयोग एकदा करण्यासारखा होता, पण वाचकावर मुलाखत न वाचायची सक्ती करणं मला पटत नाही. कार्सन यांची बाकीची पानं मात्र मी पुन्हा पुन्हा उघडते, कारण संगीताचा वेग आणि तुटकपणा त्यांनी अक्षरांच्या अंतरांतून दाखवला. हीच मोडतोड काही वर्षांत बुटांच्या आणि शीतपेयांच्या जाहिरातींत आली आणि अंडरग्राउंड वाचकाला तिचा उबग आला. असं नेहमी होतं. खुणा चोरीला गेल्या की चाहते नव्या खुणा शोधतात.

रंगांबद्दल थोडक्यात. झळझळीत गुलाबी किंवा पोपटी फ्लोरोसंट रंग नेहमीच्या चार शाईंच्या छपाईतून निघतच नाही, त्यासाठी वेगळी शाई घालावी लागते. म्हणून रेव्ह आणि टेक्नोच्या, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, पत्रकांवर तो रंग दिसला की कुणीतरी त्यासाठी जादा खर्च केलाय हे समजावं. रेगेचा लाल-पिवळा-हिरवा इथिओपियाच्या झेंड्यातून आला. काळा मेटलचा, हे सांगायला नको.

आपल्या गावातली परंपरा

जे पालक मला प्रश्न विचारतात त्यांना मी एका अंकाबद्दल सांगते. १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी बडोद्यातून 'वृश्चिक' नावाचा छोटा अंक काढला. कविता, कलेवरचे वाद, चित्रकारांची लिनोकट आणि रेखाटनं. श्रीमंती थाट काही नाही, तरी आज कलेचा इतिहास लिहिणारे तो शोधत येतात. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून घेतलेला ठसा. ज्या चित्रकारानं कोरलं त्याच्या हाताचा जोर त्यात उमटतो. लंडनमधल्या झेरॉक्स अंकांच्या आधी काही वर्षं हे आपल्या शहरात घडत होतं.

मराठीतही हेच. १९४३ मध्ये पु. आ. चित्रे यांनी बडोद्यातून 'अभिरुची' काढलं आणि नव्या लेखनाला जागा दिली. बडोद्यातच जन्मलेले त्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांनी अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर १९५५ मध्ये मुंबईत 'शब्द' सायक्लोस्टाइलवर काढलं. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदावर टाइप करून किंवा लिहून, त्यातून शाई दाबून प्रती काढायच्या. साठच्या दशकातले 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' हे सगळे याच कुळातले. छापील, भरजरी दिवाळी अंकांसमोर हे बारके अंक ठेवले की कुणी कुणासाठी काढलाय हे उघडल्याबरोबर कळायचं. संगीताच्या अंकांना लागू पडणारा नियम कवितेच्या अंकांनाही लागू पडत होता.

म्हणून मुलांना मी सांगते की परदेशी अंकाचं रूप उचलू नका, त्यामागचं गणित उचला. आज तुमच्याकडे कोणतं स्वस्त यंत्र आहे? बऱ्याच जणांना रिसोग्राफचं आकर्षण असतं. हे जपानी यंत्र मुळात शाळा आणि कचेऱ्यांसाठी बनवलेलं. आत स्टेन्सिल तयार होतो आणि शाईचा ड्रम फिरतो, एका वेळी एक रंग. दुसऱ्या रंगासाठी तोच कागद पुन्हा घालायचा, त्यामुळे रंग थोडा सरकतो. छापखान्यात आपण त्याला रंग आउट झाला म्हणतो आणि कागद फेकून देतो. या अंकांत तोच सरकलेला रंग मिरवला जातो. पण रिसो जवळ नसेल तर अडून बसायचं कारण नाही. रंगीत कागदावर काळी झेरॉक्स काढली तरी पान जिवंत होतं.

देवनागरीत अंक करताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. इंग्रजी अंकांत सात-आठ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) टाइप चालतो, म्हणून तोच मापदंड लावला तर आपला मजकूर गुदमरतो. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. झेरॉक्सची पूड 'क्ष', 'श्र', 'ख' यांच्या पोकळ्यांत भरते आणि ठिपका होतो. मजकूर अकरा पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि दोन ओळींत अंतर जरा सढळ ठेवा. पान गच्च करायचं असेल तर टाइप बारीक करण्यापेक्षा समास कमी करा.

दुसरं, मथळे संगणकावरच्या चार ठरावीक फॉन्टांत लावू नका. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा. नाटकाचं नाव पाहिलं की ते हसवणारं आहे की अंगावर येणारं, हे कळायचं. मेटल बँडचं नाव लिहायला देवनागरीकडे शिरोरेषा आहे, तशी सोय रोमनला नाही. त्या आडव्या रेषेवरून मुळं खाली लोंबू द्या, उकारांना काटे फुटू द्या. डाव्या-उजव्या सारखेपणाचा हट्ट सोडून वर-खालीचा तोल साधा, कारण आपली लिपी वरून खाली लटकते. हे काम हातानंच करावं लागेल, बोरू किंवा कटनिब घेऊन, आणि एकदा झेरॉक्स करून कडा कशा येतात ते पाहून पुन्हा.

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, म्हणजे ए-फोर कागद मधून दुमडून सेंटर पिन मारता येते. दोन कागदांत आठ पानं, चारांत सोळा. आणि शेवटच्या पानावर खर्चाचा हिशेब छापा: किती प्रती काढल्या, कागदाला किती गेले, झेरॉक्सला किती. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या ब्रिटिश बँडने आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर ती काढायला आलेला खर्च असाच बाबवार छापला होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी हिशेब छापला, त्यांच्याकडे पुढच्या अंकाच्या वेळी कुणी ना कुणी स्वतःचा अंक काढायचाय म्हणून दर विचारायला आलं.